उपनगरातील सदनिका, इको निवास संहिता आणि वातानुकूलन यंत्राची क्षमता

प्रस्तावना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील दुकानात वातानुकूलन यंत्र घ्यावयास गेलेल्या ग्राहकाला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : खोली किती चौरस फुटांची? शंभर-सव्वाशे फूट असल्यास एक टन, दीडशेच्या पुढे दीड टन. आणि भिंत पश्चिमेची असल्याचे कळताच 'एक साइज वरचा घ्या' असा सल्ला मिळतो. भिंत कशाची आहे, खिडकीवर सावली पडते का, फटींतून किती हवा आत शिरते, याची विचारपूस सहसा होत नाही. वास्तविक यंत्रावरील उष्णताभार याच गोष्टींवर ठरतो.

'टन' हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तो दर म्हणजे एक टन. आजच्या मापाने सुमारे ३.५ किलोवॅट. उष्णताभारही याच मापात मोजता येतो. मुंबईत घर उबदार करण्याचा प्रश्न उद्भवत नसल्याने येथे विचार करावयाचा तो केवळ थंडाव्याचा.

संहितेची अपेक्षा

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आणली. निवासी इमारतींना मात्र डिसेंबर २०१८ पर्यंत थांबावे लागले. त्या वेळी 'इको निवास संहिते'चा इमारतीच्या बाह्य आवरणासंबंधीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींच्या संहितेला कायद्यात स्थान मिळाले. तथापि बांधकाम परवान्याच्या टप्प्यावर तिची अंमलबजावणी राज्य शासन व स्थानिक संस्था आपल्या नियमांत ती कशी उतरवतात, यावरच अवलंबून राहते.

२०१८ च्या भागात ५०० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्प गृहीत धरले होते. मुंबई ज्या उष्ण-दमट विभागात मोडते, तेथे भिंती व खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचे सरासरी मूल्य, म्हणजे 'आरईटीव्ही', प्रति चौ.मी. १५ वॅटपेक्षा अधिक नसावे, अशी अट घालण्यात आली. छपराचा हिशेब स्वतंत्र असून त्याच्या पारगम्यतेची मर्यादा १.२ आहे. खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र फरशीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असेही बंधन आहे. ही शेवटची अट वाचावयास सोपी असली तरी उपनगरात ती पाळणे अवघड जाते. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. त्यामुळे १३२ चौ. फुटांच्या खोलीला २२ नव्हे, तर ४४ चौ. फुटांची खिडकी लागते. काच वाढली की ऊनही वाढते, आणि दोन्ही अटी एकमेकींना ओढू लागतात. बाहेर उघडणाऱ्या झडपांची जुन्या चाळींतील खिडकी या बाबतीत अधिक शहाणी होती.

आरईटीव्हीच्या सूत्रात उष्ण-दमट विभागासाठी भिंतीच्या पारगम्यतेला ५.१५, काचेच्या पारगम्यतेला १.३१, तर काचेतून येणाऱ्या सूर्यउष्णतेला ६५.२१ असे गुणांक आहेत. दिशेचा घटक एक मानून आणि आवरणाचा पाचवा हिस्सा साध्या, सावलीविना काचेचा धरून ढोबळ गणित केल्यास नऊ इंची विटांच्या भिंतीचे (पारगम्यता सुमारे २) उत्तर २० च्या आसपास येते. पुनर्विकासात आज सर्रास दिसणाऱ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंतीची पारगम्यता ३.५ च्या घरात असल्याने उत्तर २६ वर जाते. हलक्या एएसी ठोकळ्यांनी (सुमारे ०.८) ते १५ वर येते, आणि काचेवर सावली करून सूर्यउष्णता पाव हिश्शाने कमी केली, तर साडेबारावर. झटपट उभी राहणारी भिंत रहिवाशास अशी महाग पडते.

सरासरी आणि खोली

आरईटीव्ही ही संपूर्ण इमारतीची सरासरी आहे. यंत्र मात्र एका खोलीत बसते. इमारत १४ वर उत्तीर्ण झाली, तरी तिच्यातील पश्चिमेकडील शयनगृह २० वर असू शकते आणि उत्तरेकडील ९ वर. म्हणून संहितेचे पालन झाले, एवढ्यावरून यंत्राची क्षमता ठरवता येत नाही. ती खोलीगणिकच काढावी लागते.

वरील १३२ चौ. फुटांचेच, मधल्या मजल्यावरील, विटांच्या पश्चिम भिंतीचे शयनगृह घेऊ. तिसऱ्या प्रहरी दोन चौ.मी. उघड्या काचेतून सुमारे ८०० वॅट, भिंतीतून २३०, दोन माणसांचे २३०, दिवे-पंखा-दूरचित्रवाणीचे १५०, शेजारच्या खोल्यांतून ३०० आणि फटींतील हवेतून १८० : बेरीज १,९०० वॅटच्या आत, म्हणजे जेमतेम अर्धा टन. हे भार एकाच घटकेला शिखर गाठत नाहीत, हे निराळेच. वरच्या उघड्या स्लॅबचे ६००-७०० वॅट मिळवले, तरी एक टन पुरून उरतो. (गळतीसाठी सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात, तिने हा भार आपसूकच घटतो.) दुकानातील दीड टन मात्र ५,२०० वॅटचा असतो.

दमटपणाचा हिशेब

जास्त क्षमता घेतल्याने बिघडते काय, असे विचारले जाईल. खोली चटकन थंड होते हे खरे. पण मुंबईत नुसते थंड करून भागत नाही. बाहेर ३३ अंश व ६५ टक्के आर्द्रता, आत २५ अंश व ५५ टक्के असताना दर किलो हवेमागे सुमारे १० ग्रॅम पाणी काढावे लागते. वरील खोलीत तासाला २० किलो हवा शिरते असे धरल्यास तिचे तापमान उतरवण्यास ४५ वॅट, तर बाष्प काढण्यास सुमारे १३५ वॅट लागतात. रात्री २८ अंश व ८० टक्के आर्द्रता असता हेच प्रमाण एकास सहा ते सात होते.

हे बाष्प थंड नळ्यांवर जमते आणि ठिबकून बाहेर जाण्यास वेळ लागतो. अवाजवी मोठे यंत्र काही मिनिटांत इष्ट तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करते. पंखा चालू राहिला तर नळ्यांवरील ओल पुन्हा हवेत मिसळते. परिणामी खोली गार पण चिकट राहते, रहिवासी तापमान २४ वरून २० वर नेतो, आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग उतरवते, म्हणून त्याचा दोष सौम्य असतो. परंतु वेग उतरण्यासही सीमा आहे, आणि मध्यरात्रीचा भार त्या सीमेखाली जाऊ शकतो.

पंचतारांकित चिन्ह येथे उपयोगी पडत नाही. ते यंत्राची कार्यक्षमता सांगते; ते यंत्र त्या खोलीला योग्य आहे की नाही, हे सांगत नाही. वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढत असल्याने, मुलुंडमधील महावितरणचा ग्राहक असो वा अंधेरीतील अदानीचा, चुकीच्या निवडीचा भुर्दंड नेमका वरच्या पायरीवर बसतो.

भिंतीचे उत्तरदायित्व विकासकाकडे आणि यंत्राच्या कार्यक्षमतेचे उत्पादकाकडे आहे. सदनिकेतील सुट्या यंत्राची क्षमता मात्र व्यवहारात विक्रेत्याच्या अंदाजावर सोडली जाते. पुनर्विकासाच्या करारात सोसायट्या चटई क्षेत्र, भाडे आणि कॉर्पस यांवर महिनोन् महिने घासाघीस करतात. आरईटीव्हीचा दिशावार तक्ता आणि भिंतीची पारगम्यता त्याच कराराला जोडावयास सांगितली, तर एक पान वाढेल. त्या पानावरून रहिवाशाला आपल्या खोलीचा भार काढता येईल, आणि तोही भिंत उभी राहण्यापूर्वी.