उज्जैनचा सूर्योदय आणि मसुद्यातील एक वाक्य

उज्जैनच्या वेधशाळेजवळ ८५ फूट उंच मनोऱ्यावर एक आगळे घड्याळ आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे तीस मुहूर्त करून ते वेळ दाखवते. ही कल्पना कोणालाही सहज उमगते. परंतु अशा घड्याळाची संगणकप्रणाली लिहायला बसलेल्या अभियंत्याला एवढ्या वाक्यावर काम करता येणार नाही.

हे तीस मुहूर्त समान धरायचे, की दिवसाचे पंधरा आणि रात्रीचे पंधरा? समान धरल्यास प्रत्येक मुहूर्त सुमारे ४८ मिनिटांचा होतो. दुसऱ्या रीतीने २१ जूनला उज्जैनमध्ये दिवसाचा मुहूर्त सुमारे ५४ मिनिटांचा, तर रात्रीचा ४२ मिनिटांचा भरतो. सूर्योदय म्हणजे सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर येणे, की त्याचा मध्य? त्यात मिनिटभराचा फरक आहे. वातावरणातील वक्रीभवन जमेस धरले, तर आणखी दोन मिनिटांहून अधिक. शिवाय सूर्योदय कोणत्या गावचा? जूनमध्ये उज्जैनला सूर्य पणजीपेक्षा वीसहून अधिक मिनिटे आधी उगवतो. डिसेंबरअखेरीस मात्र पणजीच काही मिनिटे पुढे असते.

या प्रश्नांची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी ज्या दस्तऐवजात लिहिली जातात, त्याला आवश्यकता-विनिर्देश म्हणतात. प्रणालीने काय करावे आणि ते किती अचूकतेने, किती वेगाने, किती सुरक्षितपणे करावे, हे त्यात नमूद असते. कसे करावे, हा पुढच्या आराखड्याचा विषय. प्रत्येक अट एकाच अर्थाची आणि तपासून पाहता येण्याजोगी असावी, असा या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानक २९१४८ चा आग्रह आहे. ‘घड्याळ अचूक असावे’ ही केवळ इच्छा झाली. ‘दाखवलेला सूर्योदय उज्जैनसाठी गणिताने काढलेल्या वेळेपासून पाच सेकंदांहून अधिक ढळू नये’ ही अट झाली.

हा विचार उज्जैनला नवा नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात तेथे वेधशाळा उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिथल्या सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंश १० कला आहे. तेच यंत्र जसेच्या तसे पणजीत बांधले, तर सावली वेळ चुकीची सांगेल. गवंड्याचे काम निर्दोष असूनही यंत्र निरुपयोगी ठरेल, कारण चूक अटीतच असेल.

आपल्याकडेही कार्यालये, पंचायती आणि लहान उद्योग संगणकप्रणाली विकत घेतात. काम हाती पडल्यावर ‘आम्हाला हे नको होते’ असे ग्राहक म्हणतो आणि ‘तुम्ही हेच सांगितले होते’ असे कंत्राटदार. दोघेही खरेच बोलत असतात. कागदावर असताना एक वाक्य बदलले की भागते. प्रणाली उभी राहिल्यावर तेच बदलण्यास महिने आणि पैसा लागतो. म्हणून मसुद्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न लिहावा: ही पूर्ण झाली की नाही, हे कोण आणि कसे मोजणार?