ओळखपत्र मागितले म्हणजे मूल सुरक्षित झाले असे नाही

इंटरनेटवर मुलांना छळणारे लोक खोट्या नावाआड लपतात. तेव्हा प्रत्येक खात्याला ओळखपत्र जोडा, म्हणजे मुले सुरक्षित होतील. हे म्हणणे आज पालकसभेपासून संसदेपर्यंत ऐकू येते. ब्रिटनने 2023 साली ऑनलाइन सुरक्षा कायदा केला आणि 25 जुलै 2025 पासून अश्लील मजकुराच्या संकेतस्थळांना वयाची पडताळणी सक्तीची केली. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्याकडे 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळलेली संमती बंधनकारक केली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ही तरतूद त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहे. या साऱ्यामागची काळजी खरी आहे. मुलांचे लैंगिक शोषण आणि फोटो पसरवण्याच्या धमक्या देऊन त्यांना नागवणे हे गुन्हे घडत आहेत आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणे अक्षम्य ठरेल. पण मुलांना जपणारी तरतूद वेगळी आणि सगळ्यांची ओळख गोळा करणारी तरतूद वेगळी. पहिलीच्या नावाखाली दुसरी गळी उतरवली जाते, तिथे वाद आहे.

नाव दिसत नाही म्हणजे माणूस सापडत नाही, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. भारतात सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही. खाते कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणत्या मोबाईल क्रमांकावरून उघडले याची नोंद कंपनीकडे असते. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या 2022च्या आदेशानुसार सेवा पुरवणाऱ्यांना अशा नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात, आणि 2021च्या आयटी नियमांनुसार तपास यंत्रणेने रीतसर मागणी केल्यावर 72 तासांत माहिती द्यावी लागते. म्हणजे टोपणनावामागचा माणूस इतर वाचकांना दिसत नाही. पोलिसांना तो शोधता येतो. तपास अडतो तो बहुधा प्रशिक्षित मनुष्यबळ नसल्याने, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत उपकरणे पडून राहिल्याने, परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार लांबल्याने. शिवाय मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असल्याचे प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत सातत्याने 90 टक्क्यांच्या वर राहिले आहे. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा. या माणसाचे नाव मुलाला आधीच ठाऊक असते; खात्याला ओळखपत्र जोडून त्यात काय फरक पडणार?

खऱ्या नावाची सक्ती करून बघायला काय हरकत आहे, असे विचारणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे, कारण तिथे ती करून झाली आहे. 2007 साली तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणे कायद्याने सक्तीचे झाले आणि पुढे दिवसाला एक लाख भेटी असलेल्या संकेतस्थळांपर्यंत त्याची कक्षा वाढली. यूट्यूबने 2009 मध्ये ओळख मागण्यापेक्षा कोरियन आवृत्तीवर व्हिडिओ आणि प्रतिक्रिया टाकण्याची सोयच बंद केली. जुलै 2011 मध्ये नेट आणि सायवर्ल्ड या सेवांवर हल्ला होऊन सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. 23 ऑगस्ट 2012 रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने घटनाबाह्य ठरवली. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचे दिसत नाही, उलट लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, असे न्यायालयाने नोंदवले. पाच वर्षे एका अख्ख्या देशाने ही किंमत मोजली, आणि आज तोच उपाय नवा म्हणून आपल्यापुढे ठेवला जातो.

दुसरा गैरसमज म्हणजे वयाची पडताळणी फक्त मुलांची होते. कोण लहान हे ठरवायचे तर प्रत्येक मोठ्या माणसाला आपण मोठे असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यासाठी चेहऱ्याची सेल्फी, ओळखपत्राचा फोटो किंवा बँकेच्या कार्डाचा तपशील बहुतेक वेळा तिसऱ्याच कुठल्या तरी कंपनीकडे जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या डिस्कॉर्ड या ॲपने जाहीर केले, की त्यांच्या एका बाहेरच्या सेवा पुरवठादारामार्फत सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाबाबतच्या तक्रारींसाठी ते दिलेले होते. ब्रिटनमध्ये नियम लागू होताच आपण कोणत्या देशात आहोत हे लपवणारी व्हीपीएन ॲप डाउनलोड यादीत वर गेली, आणि काहींनी ‘डेथ स्ट्रँडिंग’ या व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून चेहरा-तपासणी पार केल्याचे समोर आले. आपल्याकडे तर पुष्कळ घरांत आईवडील आणि मुले मिळून एकच स्मार्टफोन वापरतात. पालकांच्या संमतीचा ओटीपी त्याच फोनवर येणार, आणि बहुतेक वेळा तो वाचून टाकणार मूलच. घरात फोनची माहिती सर्वांत जास्त त्यालाच असते.

यावर आक्षेप येतो, की दारूच्या दुकानात वयाचा पुरावा मागितला तर कुणी तक्रार करत नाही, मग इथेच का? दुकानदार ओळखपत्र बघून परत देतो. ते ठेवून घेत नाही आणि त्या माणसाने आजवर काय काय विकत घेतले याची वही त्याला जोडत नाही. इंटरनेटवर ही वही आपोआप तयार होऊ शकते. केवळ ‘18 पूर्ण’ एवढेच सांगणारी, नाव न कळवणारी तंत्रे युरोपात तपासली जात आहेत, आणि ती खरोखर तशी चालली तर माझा या भागावरचा आक्षेप बराचसा मावळेल. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानेही सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये टेक्सासचा वयपडताळणीचा कायदा उचलून धरला हेही खरे. पण तो कायदा ज्या संकेतस्थळांवर एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांसाठी हानिकारक असा लैंगिक स्वरूपाचा आहे त्यांच्यापुरता आहे. तो दाखला देऊन बातम्या, चर्चा आणि गप्पांच्या प्रत्येक दारावर पहारा बसवता येणार नाही.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणारे मुलांच्या शोषणाला पाठीशी घालतात, असाही आरोप होतो. मुलांच्या शोषणाची चित्रे हा कुठल्याच देशात स्वातंत्र्याचा प्रश्न नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार ती बनवणे, पाहणे, पसरवणे गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये पोक्सोखाली ती बाळगण्याविषयीची भूमिका आणखी कडक केली. वाद आहे तो उरलेल्या, कायदेशीर बोलण्याचा. 2012 साली पालघरमध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि तो मजकूर ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. दोघींनी स्वतःच्याच नावाने हे केले होते. ज्या कलम 66अ चा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केले, पण अटक तोवर होऊन गेली होती. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले, तेव्हा मराठी समाजात वादळ उठले; अविवाहित, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची घुसमट इतक्या मोकळेपणाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना खरे नाव आधी पटवून द्यावे लागले असते, तर ते पुस्तक आले असते का याची शंका वाटते. अनामिकपणा मुलांच्या विरोधातच असतो हेही खोटे. पोक्सोच्या कलम 23 ने पीडित मुलाची ओळख उघड करण्यास बंदी घातली आहे, कारण नाव झाकलेले राहणे हेच त्या मुलाचे संरक्षण असते.

मुलांना स्वतःचे हक्क असतात, हे तर या चर्चेत जवळजवळ विसरले जाते. भारताने 1992 साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलांच्या अभिव्यक्तीचा, खासगीपणाचा आणि माहिती मिळवण्याचा हक्क आहे. अमेरिकेच्या कायद्यात पालकांच्या संमतीची मर्यादा 13 वर्षे, युरोपात देशागणिक 13 ते 16. आपण ती सरळ 18 ठेवली. बारावीतल्या मुलीला घरातूनच त्रास होत असेल, तर एखाद्या मदतगटात खाते उघडायला तिने त्याच घराची संमती आणायची? आरोग्य आणि शिक्षण संस्थांना नियमांत काही सवलती आहेत, पण बोलण्याच्या बाकी जागांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

मग करायचे काय? कंपन्यांना जाब विचारायचा, आणि तो विचारता येतो. संकेतस्थळे आणि ॲप मुलांना जपतील अशी घडवायला सांगणारी ब्रिटनची रचनासंहिता 2021 मध्ये पूर्णपणे लागू होण्याच्या सुमारास टिकटॉकने 16 वर्षांखालील खाती मुळातच खासगी केली, यूट्यूबने अल्पवयीनांसाठी आपोआप पुढचा व्हिडिओ लागणे मुळातच बंद ठेवले. ओळखपत्रांची कोठारे न भरता हे झाले. आपल्या कायद्यातले मुलांचा माग काढण्यावरचे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावरचे निर्बंध हे त्यातले खरे हत्यार आहे. अनोळखी प्रौढाला मुलाशी थेट बोलता येऊ नये ही सोय त्याच्या जोडीला हवी, आणि सायबर पोलिसांना माणसे हवीत. मुलांच्या शोषणाचा मजकूर समोर आला तर ‘सावध करण्यासाठी’सुद्धा तो पुढे पाठवू नका, तोही गुन्हा आहे; 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा 1930 (सायबर गुन्ह्यांसाठीची) या क्रमांकांवर कळवा, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. ही सोय सरकारनेच ठेवली आहे.