पट्टी वरून वाचली तर

कांदा विकून आलेला माणूस पट्टी खालून वर वाचतो. आधी नजर शेवटच्या ओळीवर, निव्वळ रक्कम किती ते बघायला. ती मनासारखी असली तर कागदाची घडी होते आणि ती खिशात जाते. नसली तर वरच्या ओळी तपासायच्या. वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली, तोलाई, मोटारभाडं किती कापलं. सगळ्यात वर तारीख आणि नाव असतं. ते कोणी वाचत नाही. त्यात काय वाचायचं?

फेब्रुवारी 2023 मध्ये अशी एक पट्टी महाराष्ट्रभर फिरली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात दहा पोती, 512 किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. कपात सुमारे 509 रुपये. हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. लोकांनी शेवटचा आकडा वाचला आणि हळहळले. ते बरोबरच होतं. पण त्या चेकवरची पुढची तारीखही तेवढीच बोलकी होती, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

घराचं बरंवाईट मोजतानाही आपण असंच करतो. सोयरीक जमवताना विचारतो, ‘महिन्याला किती पडतात? जमीन किती?’ दोन आकडे मिळाले की घर कळलं. लासूर स्टेशनसारख्या गावात हे दोन आकडे हाताशी घेऊन निघालं, तर दहा पावलांवरच ते अपुरे पडतात.

लासूर वेगळं आणि लासूर स्टेशन वेगळं. लासूर शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशन निजामाच्या रेल्वेचं. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली लाइन 1900 च्या आसपास सुरू झाली. रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद अशी स्टेशनं लागत गेली. लासूरच्या स्टेशनाभोवती पेठ वसली आणि आज गंगापूर तालुक्यातली ती मोठी बाजारपेठ आहे. बाजार समितीत उन्हाळ कांद्याचे लिलाव होतात. मका आणि कापूस हीही या भागातली पिकं.

या पेठेत तीन प्रकारचा पैसा फिरतो. पट्टीचा, पगाराचा आणि मोबदल्याचा. पट्टीचा पैसा मार्केट यार्डातून येतो. पगाराचा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून, जिथे 1985 साली बजाजचा कारखाना उभा राहिला आणि गंगापूर तालुक्यातली पोरं कंपनीत जायला लागली. मोबदल्याचा पैसा सगळ्यात अलीकडचा, समृद्धी महामार्गाचा. तिन्हींच्या नोटा सारख्याच दिसतात, पण घरात आल्यावर तिन्हींची चाल वेगळी असते.

समजा, दोन घरं आहेत. दोन्हींचं वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजार. एका घरात मुलगा वाळूजला, महिन्याला पंधरा हजार. दुसऱ्या घरात तीच रक्कम दोन वेळा येते, काही कापूस-मक्याची दिवाळीच्या आगेमागे आणि उरलेली कांद्याची उन्हाळ्यात. सरकारी तक्त्यात दोन्ही घरं एकाच रकान्यात बसतील.

दुसऱ्या घराचं कॅलेंडर बघा. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. नेमकं तेव्हाच यार्डात कांद्याची रीघ लागते आणि भाव बसतो. लगीनसराई एप्रिल-मेची. पेरणी जूनची, शाळाही जूनमध्येच उघडते. म्हणजे पैशाची गरज सर्वांत जास्त आणि मालाला भाव सर्वांत कमी, अशा दोन्ही गोष्टी एकाच सुमारास दारात उभ्या राहतात. श्रावण-भाद्रपदात भाव सुधारतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तोवर थांबायचं कशाच्या जोरावर?

थांबायला चाळ लागते. कांदा चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला, बाजूंनी जाळी किंवा बांबूच्या पट्ट्या लावलेला, वारा खेळता ठेवणारा लांबट सांगाडा. चार-पाच महिन्यांत त्यातला तीस-चाळीस टक्के माल वजनात घटतो, सडतो किंवा कोंब फुटून जातो. तरीही चाळवाल्याला विकण्याचा दिवस स्वतः निवडता येतो. संपत्तीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. ती थांबण्याची ताकद असते. उत्पन्न म्हणजे पट्टीवरचा शेवटचा आकडा. पट्टीवर तारीख कोणती पडायची, हे संपत्ती ठरवते.

अर्थात चाळवाल्याचीही तारीख दिल्लीत बदलू शकते. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, त्याच वर्षी 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि मे 2024 मध्ये उठली. शुल्क पूर्ण हटायला 1 एप्रिल 2025 उजाडला. ज्यांनी थांबून पाहिलं त्यांना थांबल्याचाच फटका बसला. पण एक हंगाम बुडाला तरी उभं राहायला पुन्हा मागे काहीतरी शिल्लक लागतं.

जे थांबू शकत नाहीत ते तारीख विकत घेतात, व्याज देऊन. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडतं. पण ते पिकासाठी. आईच्या ऑपरेशनला किंवा पोराच्या ॲडमिशनला महिन्याला शेकडा तीनने उचलावं लागतं. शेकडा तीन ऐकायला किरकोळ वाटतं. पन्नास हजारांवर सहा महिन्यांचे नऊ हजार होतात. वर दाखवलेल्या घराची ती अठरा दिवसांची कमाई. किराण्याची उधारी, कृषी केंद्राची उधारी, मोडलेला एखादा डाग हे आणखी वेगळं. पगाराच्या घराला हे भुर्दंड बसत नाहीत असं नाही, पण दुकानदार त्याला ‘एक तारखेला द्या’ म्हणतो. दुसऱ्याला तारीख सांगताच येत नाही.

याची किंमत डोक्यालाही मोजावी लागते. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची संशोधकांनी तोडणीच्या आधी आणि नंतर परीक्षा घेतली. निष्कर्ष 2013 साली ‘सायन्स’मध्ये आले. माणसं तीच, पण पैसे हातात येण्याआधी त्यांना तर्काची कोडी सोडवणं जड गेलं, नंतर सोपं. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण मे महिन्यात घरातला कर्ता माणूस क्षुल्लक गोष्टीवरून का खेकसतो आणि दिवाळीत त्याच गोष्टीला का हसतो, हे ज्या बायकामुलांनी पाहिलंय त्यांना त्यातलं तथ्य वेगळं पटवायला नको.

म्हणूनच शेतकऱ्यांची घरं पगाराकडे सरकताहेत. 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात पिकाचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचे पैसे जास्त! वाळूजची बस पकडणारा पोरगा घराला पैसे तर देतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक ठरलेली तारीख देतो.

आता दुसरा आकडा, जमिनीचा. 2019 च्या कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षणानुसार शेती करणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता 22 लाख रुपयांवर होती. पण ग्रामीण मालमत्तेतला 69 टक्के वाटा जमिनीचा आणि 22 टक्के घरा-इमारतींचा. म्हणजे माणूस कागदावर लखपती आणि हातात काही नाही. जमीन थांबायचं बळ देते, पण ती सुटी करता येत नाही. दवाखान्याचं बिल चाळीस हजारांचं असलं तरी कुणी दोन सरी विकत घेत नाही. अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थानापासून केनियापर्यंत हजारो घरांचे चढउतार तपासले. घरं गरिबीत ढकलणाऱ्या कारणांत आजारपण सगळ्यात पुढे होतं. त्यांच्या 2010 च्या पुस्तकाच्या नावाचा आशयच असा की, गरिबी एका आजारपणाच्या अंतरावर असते.

आपल्या व्यवस्थेला ही गोष्ट फार उशिरा उमगली. रेशनकार्डाचा रंग उत्पन्नावर ठरला, आणि आरोग्य योजना त्या रंगावर. पंधरा हजारांच्या आत पिवळं, लाखाच्या आत केशरी, पुढे पांढरं. पांढऱ्या कार्डाचा कोरडवाहू शेतकरी दुष्काळाच्या वर्षीही पांढराच. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर आरोग्य योजनेत घेतलं गेलं, आणि 2023 मध्ये महात्मा फुले योजना सगळ्याच कार्डांना खुली करून पाच लाखांचं संरक्षण देण्याचा निर्णय झाला. कार्डाचा रंग आणि घराची अवस्था यांचा मेळ बसत नाही, याची ती कबुलीच होती.

मग जमीन एका दिवसात रोकड झाली तर? ते समृद्धीने करून दाखवलं. 701 किलोमीटरचा हा रस्ता संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर, गंगापूर आणि संभाजीनगर या तालुक्यांतून जातो. सुरुवातीला विरोध झाला, मग थेट खरेदी आली. 2013 च्या कायद्याने ग्रामीण जमिनीला बाजारमूल्याच्या चौपट आणि थेट खरेदीला त्यावर 25 टक्के जादा, असे मिळून पाचपट. 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, 5 जून 2025 ला शेवटचा.

अशा पैशाबद्दल गावगप्पा एकाच साच्यातल्या असतात. गाडी आली, बंगला आला, लग्नात डीजे आला, पोरगं बिघडलं. आयत्या पैशाने माणसाचं वाटोळं होतं, हे ऐकायला आपल्याला बरं वाटतं. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. मोठं बक्षीस मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. पण लॉटरीवाल्याचं तिकिटापलीकडे काही गेलेलं नसतं. इथे जमीन गेली, म्हणजे दरवर्षीची पट्टी गेली. मोबदला हे उत्पन्न नव्हे, ते वितळवलेलं मूळ. ज्याने त्यातून दुसरीकडे रान घेतलं, विहीर-पाइपलाइन केली किंवा भाड्याचे गाळे काढले, त्याने संपत्तीचं रूप बदललं. ज्याने ती मासिक खर्चात घातली, त्याने थांबायची ताकदच खर्चून टाकली. फरक चारित्र्याचा कमी आणि मागे आधीच काय शिल्लक होतं याचा जास्त. कर्ज असलेल्याचा मोबदला कर्ज फेडण्यातच निम्मा सरतो.

मोबदल्याने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. पैसे सातबाऱ्यावरच्या नावांना मिळतात. अशा वेळी वीस वर्षांपूर्वी सासरी गेलेली बहीण एकाएकी सगळ्यांना आठवते आणि हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. चोळीबांगडी होते, सही होते, माहेर टिकतं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, देशाने 2005 मध्ये. डायनिंगर, गोयल आणि नागराजन यांनी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या या बदलाचा अभ्यास केला. मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, लग्नाचं वय वाढलं, शिक्षणही वाढलं. केरळमध्ये प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांना दिसलं की, घर-जमीन काहीच नावावर नसलेल्या बायकांपैकी 49 टक्क्यांनी मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. घराचं उत्पन्न तेच राहून सातबाऱ्यावरचं नाव बदललं, तर घराचं सुख बदलतं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना हे फार आधी दिसलं होतं. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती आली. नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसणारी चळवळ नावाच्या ओळीपर्यंत पोचली होती. 2024 पासून लाडक्या बहिणीच्या खात्यावर महिन्याला 1,500 येतात. त्यावर राजकारण काय व्हायचं ते होवो, पण त्या पैशाला ठरलेला अवधी आहे आणि तिचं नाव आहे.

पट्टीवरचा कांदा कुणी लावला? वाफ्यात वाकून रोपं बायकांनी लावली. काढणीला, पात कापायला त्याच. चाळीत सडका कांदा निवडायला पावसाळाभर त्याच. यार्डात मात्र ट्रॅक्टरबरोबर नवरा जातो. पट्टी घरी येते, चुलीशेजारच्या फळीवर डब्याखाली ठेवली जाते. कधीतरी पोरगी ती काढते आणि शाळेतली सवय म्हणून वरून वाचू लागते. आधी नाव, मग तारीख.

नाव वडिलांचं असतं. तारीख एप्रिलची.

तिला पुढचं वाचायची फारशी गरज उरत नाही.