मुंबईत बांधले, हार्टलपूलला सावरले

घरातली जुनी बैलगाडी खिळखिळी झाली की दोन वाटा असतात. मोडून तिचे जळण करायचे, नाही तर सुताराला बोलावून तिच्यात अजून काय धड राहिले आहे ते पाहायचे. चांगला सुतार आला तर तो लगेच करवत काढत नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, तुंब्यावर टिचकी मारतो, आरे हलवून बघतो आणि मगच सांगतो की हे ठेवू, हे बदलू.

हाच प्रश्न एका जहाजाच्या बाबतीत पडला होता. शिडाचे जहाज, दीडशे फूट लांब, सबंध सागाचे आणि बांधलेले आपल्या मुंबईत. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल या गावी उभे आहे. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. वय दोनशे वर्षांहून अधिक. ब्रिटनच्या लढाऊ जहाजांपैकी आजही पाण्यावर तरंगत असलेले हे सर्वांत जुने जहाज. ते इतके कसे टिकले आणि मोडकळीला आल्यावर त्याला कसे सावरले, ही हकिकत शेतकरी घरांनी ऐकण्यासारखी आहे. कारण लाकूड, ओल आणि लोखंड यांच्याशी आपलाही रोजचा संबंध आहे.

मलबारचा साग, वाडियांची गोदी

सूरतेचे कसबी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला आले. मुंबईत १७५० साली सुकी गोदी झाली. सुकी गोदी म्हणजे पाणी आत घेता येते आणि बाहेर काढून टाकता येते असा दगडी हौद. जहाज आत घ्यायचे, दार बंद करायचे, पाणी उपसायचे आणि कोरड्यात काम करायचे. वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजे बांधली.

त्या काळी इंग्लंडची नेपोलियनशी लढाई चालू होती. जहाजे बांधून बांधून तिकडच्या ओक लाकडाचा तुटवडा पडला. म्हणून मलबारच्या सागाची लढाऊ जहाजे मुंबईत बांधून घ्यायचे ठरले. ‘त्रिंकोमाली’ची मागणी १८१२ साली नोंदवली गेली. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते, पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाने ‘जावा’ला पकडले आणि नकाशे गेले. पुन्हा नवे पाठवावे लागले. शेवटी १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

साग निवडण्यात शहाणपण होते. सागात मुळातच तेल असते. त्यामुळे त्याला कीड आणि बुरशी सहजी लागत नाही. शिवाय त्यात ठोकलेले लोखंड ओकमधल्याइतके लवकर गंजत नाही. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडाला खाते.

भंगारातून वाचले

१८१९ साली जहाज इंग्लंडला पोचले, तोवर लढाई संपलेली होती. ते राखीव म्हणून उभे करून ठेवण्यात आले आणि १८४५ पर्यंत तसेच राहिले. पुढे दहा वर्षे अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि प्रशांत महासागरात फिरले. त्यानंतर खलाशी तयार करणारी शाळा म्हणून त्याचा उपयोग झाला. १८९७ साली मात्र ते भंगारात विकले गेले.

त्याच वर्षी एका हौशी गृहस्थाचे ‘फूद्रोयां’ नावाचे जुने जहाज वादळात फुटले. मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी त्यांना दुसरे जहाज हवे होते. त्यांनी ‘त्रिंकोमाली’ भंगारवाल्यांच्या हातून सोडवून घेतली आणि तिला जुन्या जहाजाचेच नाव दिले. मुलांची शाळा म्हणून ती १९८६ पर्यंत चालली.

१९८७ साली तिला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेले. त्या गावातले जहाजबांधणीचे कारखाने १९६० च्या सुमारास बंद पडले होते. पण ‘वॉरियर’ या दुसऱ्या जुन्या जहाजाची दुरुस्ती तिथे १९७९ पासून चालू होती आणि ती नुकतीच संपली होती. म्हणजे शिकलेले हात गावात होते. ‘त्रिंकोमाली’चे काम त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ चालले. २००१ साली ते पुरे झाले तेव्हा खर्चाचा आकडा १ कोटी पौंडांच्या घरात गेला होता. आणि तरी सांगाड्याचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे. मुंबईत तासलेले.

नवे लाकूड आणून सगळे बदलून टाकणे सोपे असते. कठीण असते ते काय ठेवायचे हे ठरवणे. अशा दुरुस्तीच्या गोदीत काम कसे चालते, ते आता पाहू.

आधी दुखणे ओळखायचे

पहिले काम तपासणीचे. कारागीर हातोडी आणि टोकदार सळई घेऊन जहाजाचा इंच न्‌ इंच बघतो. आपण मडके घेताना वाजवून घेतो, तशी तो फळी वाजवतो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते. आतून कुजलेले बद्द वाजते. शंका आली की सळई टोचायची. चांगल्या लाकडात ती अडते, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखी जाते.

वाचकांना नवल वाटेल, पण लाकडी जहाजाचा मोठा वैरी समुद्राचे पाणी नसून पावसाचे पाणी आहे. खारट पाण्यात कुजवणारी बुरशी नीट वाढत नाही. मिठात कैरी टिकते तसेच काहीसे. पावसाचे गोडे पाणी मात्र वरच्या फळ्यांच्या फटींतून झिरपते, हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात साठते आणि लाकूड आतून सडवते. साधारणपणे लाकडात शेकडा वीसच्या वर ओल राहिली की बुरशीचे फावते. म्हणून कुजलेली फळी दिसली की आधी वर पाहायचे, पाणी कुठून येते ते शोधायचे. गळती तशीच ठेवून फळी बदलली तर काही वर्षांत नवीही जाते.

खाऱ्या पाण्यातली भीती वेगळी. तिथे लाकूड पोखरणारा एक लांबट, किड्यासारखा दिसणारा प्राणी असतो. खरे पाहता तो शिंपल्याच्या जातीचा. जमिनीवर वाळवी करते ते तो पाण्याखाली करतो. त्याला अडवण्यासाठी जुन्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत. पण तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने झिजते. म्हणून पाण्याखालच्या भागात तांब्याचे बोल्ट वापरावे लागतात. लोखंडी बोल्टचे दुखणे फसवे असते. डोके वरून धड दिसते आणि मधली दांडी काडीएवढी झालेली असते. जाणता कारागीर एखाददुसरा बोल्ट उपसून बघितल्याशिवाय बाकीच्यांवर विश्वास ठेवत नाही.

आधी टेकू, मग करवत

पाण्यावर असताना जहाजाला सगळीकडून पाण्याचा आधार मिळतो. कोरड्यात घेतले की सारा भार टेकूंवर येतो. टेकू कमी पडले की फळ्या दबतात, बरगड्या फाकतात. पोर्ट्समथ येथील ‘व्हिक्टरी’ हे १७६५ साली पाण्यात उतरलेले जहाज १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. इतक्या वर्षांत ते स्वतःच्या भाराने बसू लागले होते. म्हणून अलीकडे त्याच्याखाली १३४ नवे टेकू दिले आहेत आणि कोणत्या टेकूवर किती भार येतो, ते मोजण्याचीही सोय केली आहे. २०२२ पासून त्याच्या कुजलेल्या फळ्या बदलण्याचे काम सुरू झाले, तेही वर छप्पर घालून, पाऊस आत येणार नाही अशा बेताने.

जुन्या जहाजाची पाठही वाकलेली असते. मध्यभाग रुंद असल्याने पाणी तो वर उचलते आणि दोन्ही टोके खाली झुकतात. हा बाक घाईने सरळ करू गेले तर सांधे निखळतात. टेकूंच्या पाचरी थोड्या थोड्या ठोकत, लाकडाला सवय होऊ देत, हळूहळूच तो कमी करावा लागतो.

आणि एक नियम. सगळ्या बरगड्या एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची, एक-दोन सोडून पुढची घ्यायची. जुन्या बरगड्या शेजारी असतात तोवर आकार धरून ठेवतात. सगळ्या निघाल्या की जहाजाचा मूळ आकार हरवतो आणि तो कुठल्याही नकाशावरून हुबेहूब परत येत नाही.

नवे लाकूड, जुना बाक

बाकदार भागासाठी सरळ ओंडका कापून चालत नाही. कापलेल्या बाकात लाकडाचे रेषे मधेच तुटतात आणि भार आला की तिथेच चीर जाते. जुने जहाजबांधणीकार मुळात वाकडे वाढलेले लाकूड शोधत. आपल्याकडे लाकडी नांगरासाठी नैसर्गिक बाक असलेली बाभूळ हेरून ठेवत, तीच ही रीत. पातळ फळी असेल तर ती बंद पेटीत वाफेवर ठेवतात. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ लागते. बाहेर काढली की काही मिनिटांतच ती जागेवर वाकवून आवळायची. गार झाली की ती ऐकत नाही.

फळीचा एखादाच भाग कुजला असेल तर तेवढाच कापून जोड देतात. जोड आडवा सरळ नसतो, लांब तिरपा असतो. जाडीच्या निदान आठपट लांबीचा. तिरप्यामुळे लाकडाला लाकूड भरपूर भिडते. शेजारशेजारच्या फळ्यांचे जोडही एका रेषेत येऊ देत नाहीत. भिंतीत गवंडी विटांचे सांधे सरकवतो, तसेच.

फटीतला कापूस

शेवटी फटी बुजवायच्या. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात किंवा जुन्या दोरखंडाचे डांबर लावलेले तंतू बोथट छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवतात, वर राळ किंवा डांबर ओततात. कापूस सैल राहिला तर पाणी आत येते. फार दाबून भरला तर फळी पाण्यात फुगल्यावर तिला जागा उरत नाही आणि ती बोल्टच उपसते. उन्हाळ्यात चाकाचे आरे ढिले झाले की आपण चाक पाण्यात घालतो. लाकूड फुगते आणि आरे घट्ट होतात. जहाजाचे तसेच. किती दाबायचे हे हातालाच कळते, आणि तो हात वर्षानुवर्षांच्या कामानेच तयार होतो.

आपल्या किनाऱ्यावर, आपल्या अंगणात

कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून त्यांच्यावर झापांचे छप्पर घालतात. त्यामागे हेच ज्ञान आहे: गोडे पाणी लाकडावर साठू द्यायचे नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पुन्हा पाण्यात जाण्याआधी फटी तपासायच्या, तळ घासून लेप द्यायचा, कुजकी फळी बदलायची. दरसालचे हे थोडे काम टाळले की पुढे मोठे काम उभे राहते.

समुद्र न पाहिलेल्या घरालाही हे लागू आहे. घराचा वासा कुजला तर आधी त्यावरचे कौल बघावे. दाराची चौकट खालून सडली तर भिंतीची ओल शोधावी. लाकडी अवजार पावसात उघडे न टाकता हवेशीर आडोशाला ठेवावे. आढे बदलताना आधी भक्कम टेकू द्यावेत. आणि जुनी वस्तू मोडीत काढण्यापूर्वी तिच्यावर एकदा हातोडी वाजवून पाहावी.

मुंबईच्या गोदीत साग तासणाऱ्या सुतारांनी चांगले लाकूड निवडले आणि सांधे नेटके बसवले. पावणेदोनशे वर्षांनी दुसऱ्या देशातल्या सुतारांनी ते सांधे उकलले, त्यात जे धड होते ते ओळखले आणि जागच्या जागी ठेवले. दोघांची भाषा एक नव्हती. लाकूड एकच होते, आणि ते दोघांनाही कळत होते.