वादाकडून संवादाकडे

वाद आणि संवाद हे शब्द दिसायला सख्खे भाऊ. पण स्वभावाने एक पूर्वेला, तर दुसरा पश्चिमेला. वादात समोरच्याला हरवायचं असतं, संवादात त्याला समजून घ्यायचं असतं. धर्माच्या बाबतीत हा फरक केवढा मोठा आहे, ते मुंबईतल्याच दोन घटनांवरून पाहू या.

पहिली घटना १८५७ सालची. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वादसभा भरत. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. त्यांत अमेरिकेहून आलेले जॉर्ज बोवेन होते. मिशनरी मूर्तिपूजेवर टीका करीत, बावा ख्रिस्ती मतांवर उलट प्रश्न विचारीत. बोवेन यांनी या सभांचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापलाही. पण त्या काळी धर्म बदलणाऱ्याचं घर तुटे, आप्त दुरावत. शिवाय राज्य इंग्रजांचं, म्हणून लोकांच्या मनात धास्ती. अशा वेळी ‘तुमचं हे म्हणणं मला पटलं’ असं कोण म्हणणार? पटलं म्हणणं म्हणजे हरणं!

दुसरी घटना १९६४ सालची. त्याच मुंबईत, ओव्हल मैदानावर, रोमन कॅथलिक पंथाची जागतिक परिषद भरली. तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले हे पहिले पोप. ३ डिसेंबरला ते इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले आणि भाषणात त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. बोवेन प्रॉटेस्टंट, पोप कॅथलिक. पंथ निराळे खरे, पण बोलण्याची तऱ्हा किती पालटली पाहा! पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसभेने जाहीर केलं की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही. त्या धर्मीयांशी संवाद आणि सहकार्य करावं.

आता कोणी विचारील, ‘मग त्यांनी धर्मप्रसार सोडला का?’ नाही. ख्रिस्ताचा संदेश सांगणं हे चर्च आजही आपलं कर्तव्य मानतं. तेव्हा ‘हा संवाद म्हणजे गोड बोलून केलेला प्रचार तर नव्हे?’ ही शंका रास्तच आहे. ती मनात कुढत ठेवण्यापेक्षा संवादातच उघड विचारावी. आपली श्रद्धा झाकून ठेवणं किंवा ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून मोकळं होणं, हा काही संवाद नव्हे.

गुरुजनांना एक साधी कसोटी सांगतो. शेजाऱ्याचा धर्म आपण असा सांगावा की, तो ऐकून शेजारीच म्हणेल, ‘होय, हे माझंच.’ शाळेत नाताळची माहिती ख्रिस्ती मुलाला सांगू द्या, गोकुळाष्टमीची हिंदू मुलाला, ईदची मुसलमान मुलाला. बाकीच्यांनी आधी नीट ऐकावं, मग मोकळेपणी प्रश्न विचारावेत. मतं जुळली नाहीत तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मुलं एका बाकावर बसली म्हणजे झालं.