प्रकाशीय तंतूतील क्षीणन

काचेच्या तंतूतून जाताना प्रकाश मंद होत जाण्याचा आविष्कार. दूरध्वनी संदेशवहनासाठी तंतू वापरण्यात हीच मुख्य अडचण होती. उपलब्ध काचेत क्षीणन दर किमी.ला सु. १,००० डेसिबेल असे. दोष काचेचा नसून तीतील लोहासारख्या मलद्रव्यांचा आहे, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये प्रतिपादिले आणि २० डेसिबेलांचे उद्दिष्ट सुचविले. एवढ्या क्षीणनातही १ किमी.नंतर जेमतेम १ टक्का प्रकाश उरतो. तरीही ते धाडसाचेच होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत ते साध्य झाले. १९७९ मध्ये जपानमध्ये १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीला क्षीणन ०.२ डेसिबेलांवर आले, म्हणजे ९५ टक्के प्रकाश उरू लागला. हे उर्वरित क्षीणन मुख्यतः काचेच्या घनतेतील सूक्ष्म चढउतारांमुळे होणाऱ्या प्रकीर्णनाचे असल्याने शुद्धीकरणाने टळत नाही. म्हणून समुद्रतळावरील लांब केबलींत ठरावीक अंतरांवर एर्बियमयुक्त विवर्धक बसवितात.