सेफ्टी नक्की कुणासाठी?

समजा, तुमच्यासमोर पिस्तूल आहे. त्यातलं मॅगझिन तुम्ही काढून बाजूला ठेवलंत. पिस्तूल रिकामं झालं? ‘हो’ म्हणालात, तर चुकलात. एक गोळी आधीच चेंबरमध्ये जाऊन बसलेली असू शकते. चाप ओढला की तीच सुटते.

हाच घोळ टाळण्यासाठी काही पिस्तुलांत एक सोय असते. मॅगझिन काढलं की चाप कामच करत नाही. १९३५मध्ये बेल्जियममध्ये बनू लागलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये ती होती. आता गंमत बघा. अमेरिकेत हे पिस्तूल बाळगणारे कितीतरी जण हीच सोय काढून टाकतात! ती काढावी की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय.

काढणारे काही वेडे नाहीत बरं का. या जादा जोडणीमुळे चाप जड लागतो आणि नेम हलतो, असं ते म्हणतात. शिवाय मॅगझिन बदलताना कुणी अंगावर आलं, तर चेंबरमधली एक गोळी तरी उडायला हवी ना? त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळाच आहे. यंत्र कधीही दगा देऊ शकतं, खरी सेफ्टी डोक्यात हवी. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा, म्हणजे झालं!

पटतं ना? आता दुसरी बाजू बघू.

रुगर कंपनीची जुनी सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हर्स भरलेली असताना हातातून पडली, तर गोळी सुटण्याचा धोका असायचा. म्हणून जाणकार सहा घरांपैकी पाचच भरायचे आणि घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचे. १९७३मध्ये कंपनीने रचना बदलली. पुढे तर जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवे भाग फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. काढलेले मूळ भागसुद्धा मालकाला परत! तरीही काही जण रिव्हॉल्व्हर पाठवत नाहीत. चापाची मजा जाते म्हणे. जुन्या वस्तूची किंमत उतरते, हेही एक कारण.

कायद्याचा प्रश्न आहेच. मसाद अयूब हे तिथले शस्त्रप्रशिक्षक आणि लेखक स्वतः बंदूक बाळगण्याच्या बाजूचे. पण सेफ्टी काढू नका, असं तेही सांगतात. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर ‘या माणसाने सेफ्टीच काढून टाकली होती’ एवढं एक वाक्य समोरच्या वकिलाला पुरेल.

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. १९९४ची कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची घटना घ्या. १४ वर्षांच्या मुलाने वडिलांचं पिस्तूल मित्राला दाखवायला काढलं. भरलेलं मॅगझिन काढून रिकामं बसवलं. चेंबरमध्ये एक गोळी होती. १५ वर्षांचा मित्र जिवानिशी गेला. मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय इथे असती, तरी उपयोग झाला नसता, कारण रिकामं का होईना, मॅगझिन आत होतंच. म्हणजे नुसत्या यंत्रावर विसंबून चालत नाही, हे त्या लोकांचं म्हणणं खरं ठरतं. पण हेही बघा की तेव्हा पिस्तूल मालकाच्या हातात नव्हतंच. ‘सेफ्टी डोक्यात’ असेलही, पण कुणाच्या डोक्यात?

आपण काय काढलंय, हे मालकाला ठाऊक असतं. त्याच्या पोराला, बायकोला, चोराला किंवा ते पिस्तूल पुढे विकत घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. सेफ्टी असते ती या न जाणणाऱ्या माणसासाठी. मग ती काढायचा निर्णय मालकाने एकट्याने कसा घ्यायचा? आपली कितीतरी मुलं तिकडे शिकायला जातात. रूममेटच्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल दिसलं, तर त्यांनी हात लावायचा नाही. ‘रिकामं आहे रे’ म्हणाला, तरी नाही.

आणि इथे आपण? बाइकचे आरसे काढणारे, सीटबेल्टचा आवाज बंद करायला नुसतीच क्लिप अडकवणारे आपल्यातही आहेतच की. तीच बाइक उद्या धाकटी बहीण क्लासला नेणार असते. म्हणून पान्याला हात घालण्याआधी एवढंच विचारा: माझ्यानंतर ही वस्तू कोण वापरणार आहे? आणि मी काय काढलंय, हे त्याला कोण सांगणार आहे?